रकाना सातवा

१
एका संस्थेचा अर्ज आला आहे. धर्मभावनेतून शांततेसाठी झटणाऱ्या बायकांना त्यांना मदत करायची आहे. तुमच्या भागातली एक बाई सुचवा, म्हणतात. एकूण नऊ रकाने. सातवा: ‘संघर्षग्रस्त क्षेत्राचे नाव’. मी राहते पालघरला. आधी वाटले, पत्ता चुकला. अर्ज टेबलावर ठेवला, वर पेपरवेट.

२
पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. तोवर परगावी कुणी विचारले तर ‘विरारच्या पुढे’ असे सांगावे लागे. १६ एप्रिल २०२० नंतर सांगावे लागत नाही.

३
गडचिंचले. डहाणू तालुका, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीला लागून. टाळेबंदीतली रात्र. जुना आखाड्याचे दोन साधू, कल्पवृक्षगिरी महाराज (वय ७०) आणि सुशीलगिरी महाराज (वय ३५), कांदिवलीहून सुरतेला गुरूंच्या अंत्यविधीला निघालेले. सोबत तरुण चालक. आतल्या रस्त्याने आले, वनखात्याच्या चौकीपाशी गाडी अडली. त्याआधी कित्येक दिवस फोनवरून फिरत होते: चोर आलेत, मुले पळवणारे आलेत, किडन्या काढून नेतात. पोलीस आले. पोलिसांच्या देखत तिघांना मारले.

पोलीस येईपर्यंतच्या दोन-तीन तासांत तिथे गावच्या सरपंच बाई होत्या. जमावाला आवरायला बघत होते, असे त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितले. त्यांच्यामागे संस्था नव्हती, प्रशिक्षण नव्हते, निधी नव्हता. त्या दिवसांत रात्री फिरायची परवानगीसुद्धा कुणाला नव्हती.

बाई जमावापुढे उभी राहिली आणि जमाव ऐकला नाही. अर्जातल्या आठव्या रकान्याचे नाव ‘साध्य’ आहे.

४
वाहिन्यांना आधी हवा होता मारणाऱ्यांचा धर्म. अटक झालेल्या १०१ जणांची नावे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जाहीर केली. त्यांत मुसलमान एकही नाही, हे दाखवायला.

५
१ जुलै २०१८. राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी. भिक्षा मागत फिरणारे. तेही म्हणे ‘मुले पळवणारी टोळी’. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले.

दोन्हीकडे मेलेल्यांत भगवे कपडे घालणारे होते. दोन्हीकडे मारणाऱ्यांच्या घरी देव्हारे असणार.

६
बोईसरच्या एमआयडीसीत ‘स्फोट झाला’ म्हटले की कुणी धर्म विचारत नाही. कुठला प्लॉट, एवढेच विचारतात.

७
११ ऑक्टोबर १९४५, तलवाडा. वारल्यांना निरोप गेला: गोदूताई परुळेकरांची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. पोलिसांना निरोप गेला: वारली दंगा करायला जमलेत. दोन्ही निरोप जमीनदारांच्या गोटातले. वारली हजारोंनी आले, रात्रभर थांबले, गोदूताईंची वाट बघत. गोळीबार झाला. पाच मेले.

हे निरोप माणसांनी पायी नेले होते. फॉरवर्ड करायला मैलमैल चालावे लागत होते, आणि चालले.

८
गोदावरी परुळेकर या अर्जात बसत नाहीत. देव मानत नव्हत्या. आणि आल्या होत्या त्या माणसांना बसवायला नव्हे, उठवायला. लग्नापुरते कर्ज काढायचे आणि नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या दारात राबायचे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. ते संपले, वेठ संपली. शांतता झाली की भंगली? ज्याच्या दारात गडी होते त्याला विचारले तर भंगली.

९
१९४५ सालीच, डहाणू तालुक्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचे केंद्र काढले. मग १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाई प्रार्थनासमाजी घरातल्या. सोबत अनुताई वाघ, बालविधवा. मुले शाळेत येईनात तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. पहिले काम आंघोळ घालणे, नखे काढणे.

एकीकडे मोर्चे, खटले, तडीपारी. एकीकडे नेलकटर. मला दोन्ही बायकांविषयी सारखाच आदर आहे, आणि त्या दोन्ही प्रकारच्या लोकांनी एकमेकांविषयी फारसे चांगले बोललेले मी ऐकलेले नाही.

१०
डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ला. बायकांच्या डब्यात बोईसरहून बसून आलेल्या आणि पालघरला चढणाऱ्या यांच्यात चौथ्या सीटवरून रोजचे महाभारत. आज दोघी हातघाईवर आल्या. एकीच्या डब्याची पिशवी खाली पडली, आमटी सांडली. कोपऱ्यात तुळशीमाळ घातलेल्या एक आजी होत्या. त्यांनी कुणाला समजावले नाही, कुणाची बाजू घेतली नाही. पिशवीतून टाळ काढले आणि भजनाला सुरुवात केली. भांडणाऱ्या दोघींपैकी एक त्यांच्याच मंडळातली निघाली. दुसऱ्या ओळीला तिला धरावेच लागले. केळवे रोडला दुसरी तिच्या शेजारी, अर्ध्या बुडावर बसलेली. बोलत नव्हत्या. सफाळ्याला तिने पाणी मागितले.

विरारला उतरताना आजींना विचारले, मुद्दाम केलेत का? म्हणाल्या, “माझी रोजची वेळ झाली होती.”

११
मुक्ताबाईने रुसलेल्या भावाला ताटी उघडायला लावली. लाभार्थींची संख्या: एक.

१२
गणपतीआधीची शांतता समितीची बैठक. एका पोलीस ठाण्याच्या आवारात मांडव. पहिल्या रांगेत सोफे: मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, माजी उपसरपंच, एक डॉक्टर. शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर महिला दक्षता समितीच्या चौघी. अडीच तासांत त्यांतल्या एकीला बोलायला मिळाले. आभार मानले तिने.

डेसिबलवर दीड तास चर्चा झाली. माइकवरून.

१३
वारल्यांत भगत पुरुष, पण लग्न लावते ती धवलेरी. बाई. सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी गाते, मग लग्न लागते. एका पाड्यावर म्हाताऱ्याने सांगितले, “ती गाते तोवर कोणी भांडण काढायचं नसतं.”
“आणि नंतर?”
“नंतर काढतात.”

१४
केनियाच्या ईशान्येला वजीर म्हणून भाग आहे. सोमाली लोकवस्ती, बहुतेक सगळे मुसलमान, आणि तेव्हा कुळाकुळांत कापाकापी. १९९२ साली एका लग्नात बायका बोलायला लागल्या: हे आणखी किती दिवस? देखा इब्राहिम अब्दी त्यांच्यातल्या एक. श्रद्धेने पक्क्या.

सुरुवात त्यांनी बाजारापासून केली. कुठल्याही कुळातली बाई येईल, विकेल, विकत घेईल; अडवणूक होते का यावर लक्ष ठेवायला बायकाच. बाजार धरल्यावर मग वडीलधाऱ्यांकडे गेल्या. मग तरुणांकडे, मग सरकारकडे.

आमच्याकडे सुरुवात सोफ्यापासून होते.

१५
पालघरच्या हुतात्मा चौकात पाच नावे आहेत. १४ ऑगस्ट १९४२च्या गोळीबारातली. नांदगावचे ठाकूर, सातपाटीचे पागधरे, मुरब्याचे चुरी, सालवडचे मोरे, आणि पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी.

बोईसरमध्ये अवधनगर नावाची वस्ती आहे. तिथल्या माणसांना ‘तुम्ही बाहेरचे’ असे सुनावणारा एक सद्गृहस्थ दर १४ ऑगस्टला या चौकात हार घालायला येतो. तो पाचही नावे मोठ्याने वाचतो.

१६
सेवाग्रामच्या आश्रमात पतियाळाची एक मुसलमान बाई राहत असे. बीबी अमतुस्सलाम. नमाज चुकवायची नाही, रोजे चुकवायचे नाहीत, चरखाही चुकवायचा नाही. प्रकृती तोळामासा. १९४६च्या दंग्यानंतर नौखालीला गेल्या. शिरंडी गावात एका हिंदू घरातली पूजेची खड्गे पळवली गेली होती. ती परत द्या, म्हणून त्या उपासाला बसल्या. मागणे आपल्याच धर्माच्या लोकांपाशी होते. परक्यांपाशी मागणे सोपे असते, हे नौखालीतल्या किंवा पालघरच्या कुणालाही समजेल.

पंचवीस दिवस उपास चालला. खड्गे मिळाली, पण सगळी मिळाली नाहीत. जानेवारी १९४७मध्ये गांधीजी तिथे पोचले, गावकऱ्यांकडून लेखी हमी घेतली, तेव्हा उपास सुटला.

रकाना आठ, साध्य: एक खड्ग कमी.

१७
सातपाटीच्या बाजारात एका मावशींना मी लायबेरियाची गोष्ट सांगितली. त्या सरंगा साफ करत होत्या.

मनरोव्हिया, २००३. चौदा वर्षांचे यादवी युद्ध. लुथरन चर्चमधल्या लेमा बोवी, त्यांच्याबरोबर ख्रिस्ती बायका, त्यांच्याबरोबर मुसलमान बायका. पांढरे कपडे, डोक्याला पांढरे फडके. मासळीबाजाराजवळच्या मैदानावर रोज येऊन बसायच्या, उन्हात, पावसात, प्रार्थना करत. तीच जागा का? राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांची गाडी रोज त्या रस्त्याने जायची. पुढे घानात वाटाघाटी लांबल्या, पुढारी हॉटेलात मजेत. बायका तिथे गेल्या आणि सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बसल्या. करार होईपर्यंत कुणी बाहेर पडायचे नाही. शिपाई धरायला आले तेव्हा बोवी उभ्या राहून अंगावरचे कपडे उतरवायला लागल्या. शिपाई मागे सरले. ऑगस्टमध्ये करार झाला. २०११ला बोवींना नोबेल.

मावशींनी सगळे ऐकून घेतले. पोट साफ केले, डोके वेगळे काढून ठेवले, हात पाण्यात बुडवले.

“मग तेवढे दिवस धंदा कोणी केला त्यांचा?”

१८
समुद्रातही भांडण आहे. फक्त तिथे फलक लावता येत नाहीत. वसई-उत्तनकडचे डोल जाळ्यांसाठी कव, म्हणजे खुंट, रोवतात. सातपाटी-डहाणूकडचे म्हणतात, आमच्या पाण्यात येऊन रोवतात, आमची जाळी फाटतात. बैठका वर्षानुवर्षे चालू आहेत. एकीकडे बोटीला फादर आशीर्वाद देतात, दुसरीकडे नारळ वाढवतात.

मुंबईच्या बाजारात दोन्हीकडच्या बायका पाट्या लावून शेजारी बसतात. बर्फ कमी पडला तर एकमेकींकडून घेतात. त्या बैठकांना त्यांना कुणी बोलावत नाही.

१९
भिंतीवर: एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.
३० ऑगस्ट २०२४: पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी. अंदाजे खर्च ७६ हजार कोटींच्या वर.

किनाऱ्यावरच्या मोर्च्यात बायका पुढे असतात. एकदा पोलीस भोंग्यावरून ‘शांतता राखा, शांतता राखा’ करत होते. पुढच्या रांगेतल्या एक आजी समुद्राची ओटी भरून आलेल्या. ताटात अजून तांदूळ होते. म्हणाल्या, “आम्ही शांतच आहोत. आम्ही फक्त नाही म्हणतोय.”

यांना कुठल्या बाजूच्या रकान्यात घालायचे ते अर्जाच्या सूचनांत दिलेले नाही. माझे मत विचारलेत तर, ज्या मदतीत ‘शांत बसा’ हे गृहीत धरलेले आहे ती मदत यांनी घेऊ नये.

२०
श्रीकृष्ण आयोग, मुंबईची दंगल, १९९२-९३. मृत ९००. मुसलमान ५७५, हिंदू २७५, इतर ५, अज्ञात ४५.

अज्ञात ४५. यांच्यासाठी सूड उगवायला कुणी गेले नाही.

२१
सुशोभा बर्वे. नाव मराठी, महाराष्ट्रात किती जणांना माहीत आहे, कुणास ठाऊक. पाचगणीच्या ‘एशिया प्लॅटो’त ‘मॉरल रीआर्ममेंट’ म्हणून चळवळ होती, त्यातल्या. तिथली रीत अशी की सकाळी उठून गप्प बसायचे, आतून काय उमटते ते ऐकायचे आणि वहीत टिपायचे. आपल्याकडून कुणाचे वाईट झाले असे उमटले तर उठून त्याची माफी मागायला जायचे. आपला धर्म सोडायचा नाही. वही मात्र सगळ्यांची सारखी.

इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दिवसांत बर्वे रेल्वेने चालल्या होत्या. डब्यातल्या शीख सहप्रवाशांवर जमावाने हल्ला केला. त्या तिथे होत्या. पुढचे आयुष्य दंगलींच्या मागोमाग गेले: १९८९ नंतर भागलपूर, ९२-९३ नंतर मुंबई, पुढे काश्मीर. मुंबईत ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्याबरोबर मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. काम दिसायला काहीच नाही: ज्या वस्तीचा पोलिसावर विश्वास उरला नाही ती वस्ती आणि तो पोलीस यांना एका खोलीत बसवायचे. दोघांचे ऐकायचे. परत बसवायचे.

त्यांचे पुस्तक २००३चे, इंग्रजीत. त्यात मला सर्वांत जास्त दिसले ते वाट बघणे. बोलायला कुणी तयार होईपर्यंत दारात, ओट्यावर, ओळखीच्या घरी वाट बघत बसणे. अनुदानाचा हिशोब मागणाऱ्याला हे तास कुठे दाखवायचे?

२२
भिवंडी आमच्या जुन्या जिल्ह्यातली, ठाण्यातली. १९७०ला पेटली, १९८४ला पेटली, दोन्हीदा मे महिना. ९२च्या डिसेंबरात मुंबई पेटलेली असताना पेटली नाही. मधल्या काळात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या बसवल्या होत्या, पुढाऱ्यांच्या नव्हे, साध्या माणसांच्या. खोपड्यांच्या पुस्तकाचे नावच प्रश्न आहे: मुंबई जळाली, भिवंडी का नाही?

भिवंडीतल्या न पेटलेल्या रात्रीचा फोटो कुणाकडे असला तर बघायचा आहे.

२३
नागपूरच्या निर्मला देशपांडे. विनोबांबरोबर भूदानात पायी चाललेल्या. मार्च २०००मध्ये, कारगिलला वर्षसुद्धा झालेले नसताना, बायकांची बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. पायी चालणारीला बसचे काय कौतुक. पण आमच्या अर्जात ‘वाहनखर्च अनुज्ञेय नाही’ असे तळटिपेत आहे.

२४
सिस्टर राणी मारिया. मध्य प्रदेशात उदयनगरला आदिवासींना सावकाराच्या फासातून सोडवायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ला भर प्रवासात, बसमध्ये भोसकले. मारेकरी समंदर सिंह. २००२च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. मग घरच्यांनीच त्याला सोडा म्हणून अर्ज केला. सुटला.

हाही अर्जच.

२५
३१ ऑक्टोबर १९८४: इंदिरा गांधींची हत्या.
३१ ऑक्टोबर २०००: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५. शांततेच्या वाटाघाटींत बायकांना जागा द्यावी.
आमच्या अर्जाची शेवटची तारीख: ३१ ऑक्टोबर. १३२५मुळे ठेवली असावी. १९८४ कुणाच्या लक्षात आलेले नसावे.

२६
बोईसर. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या चाळी. सुटलेल्या शिफ्टच्या सायकली, वर तो ओळखीचा उग्र वास. काकू मूळच्या जुन्नरकडच्या, दर एकादशीला घरात भजन. समोरच्या आपा उत्तर प्रदेशातल्या मऊच्या, कपडे शिवतात, शुक्रवारी चार बायकांना कुराण शिकवतात. दोघींमध्ये सहा फुटांची गल्ली.

पावसाळ्यातली गोष्ट. फोनवर तेच फिरत होते, मुले पळवणाऱ्या बायका आल्यात. संध्याकाळी गल्लीत बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. पोरांनी तिचे गाठोडे सोडले. त्यात काय असणार? जुने कपडे. आणि जुन्या कपड्यांत लहान मुलांचे जास्त, कारण मुले वाढतात. झबली, टोपडी, एक शाळेचा शर्ट. एकाने शर्ट वर धरून दाखवला. पुरावा मिळाला. पन्नास-साठ जण गोळा झाले.

काकूंनी बोहारणीचा दंड धरला, आत ओढले, कडी लावली. आपांनी स्वतःचे शिलाई मशीन ओढत आणून काकूंच्या उंबऱ्याला आडवे लावले आणि शिवायला बसल्या. पायमशीन. हलवायला दोन माणसे लागतात, असे काकूच म्हणाल्या. आपा ब्लाउजची बाही शिवत होत्या. पोरे ओरडत होती. मशीनवरून उडी मारायची तर आपांच्या अंगावरून मारावी लागणार. एका पोराला त्या म्हणाल्या, “तेरी अम्मी का ब्लाउज है, कल ले जाना.”

पाऊण तास. मग पाऊस आला.

रात्री अकराला दोघी बोहारणीला रिक्षात घालून पोलीस ठाण्यात. जबाब वगैरे होईपर्यंत दीड वाजला.

२७
विचारले, धर्म म्हणून केलेत?
काकू: “एकादशी होती. उपासानं डोकं तसंच फिरलेलं.”
आपा: “दर पे आयी हुई को कैसे लौटाते?”
पाचव्या रकान्यात, ‘प्रेरणास्थान’, यातले काय लिहू?

२८
पुढच्या आठवड्यात बोहारीण परत आली. दोन स्टीलच्या वाट्या, एकसारख्या. एक इकडे, एक तिकडे. कपडे घेतले नाहीत.

२९
अर्जाचे दोघींना सांगितले. रक्कम सांगितली. छायाचित्र जोडावे लागेल, हेही.

काकू म्हणाल्या, “माझं नाव नको टाकूस. घेरलं होतं ती पोरं याच गल्लीतली आहेत. उद्या त्यांच्याच खांद्यावरून जायचंय मला.”
आपा म्हणाल्या, त्यांतल्या दोघांच्या आईचे माप अजून त्यांच्या वहीत आहे.

मग मदत काय हवी? काकूंनी गल्लीच्या तोंडावरचा दिवा दाखवला. गेल्या गणपतीपासून बंद.

३०
२ नोव्हेंबर. अर्ज पेपरवेटखाली आहे. ग्रामपंचायतीत दिव्यासाठी वेगळा अर्ज दिला. त्याला रकाने नाहीत, कोऱ्या कागदावर चालतो. पोच घेतली.

३१
त्या रात्रीचे रिक्षाचे जाऊन-येऊन दोनशे ऐंशी झाले होते. निम्मे काकूंचे, निम्मे आपांचे. आज दिवाळीचा फराळ घेऊन गेले तेव्हा मी पर्स काढली. नको म्हणतील असे वाटले होते. काकू आत चहा टाकायला गेल्या होत्या. आपांनी दोनशे ऐंशी मोजून घेतले, एकशे चाळीस वेगळे काढून काकूंच्या देव्हाऱ्यातल्या डबीखाली सरकवले, आणि म्हणाल्या, चकली जरा कडक झालीय.